आंबटशौकिनाची कैफियत

परवा सोसायटीच्या सत्यनारायणाला बायकोने नवीन शेजाऱ्यांशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे हे, भयंकर आंबटशौकीन आहेत," आणि ती प्रसादाचे द्रोण वाटत पुढे निघून गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. शेजाऱ्यांना नाही कळलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये मी दिसलो की ते वहिनींना म्हणतात, थांब गं, पुढच्याने जाऊ.

तर विषय असा की मला व्हिनेगर आवडतं. बास, एवढाच गुन्हा. डॉक्टरने सांगितलं म्हणून नाही, पोट कमी करायचंय म्हणून नाही, चव आवडते म्हणून. लोक येताजाता गुळाचा खडा तोंडात टाकतात तसे मी काकडीवर, भज्यांवर, उकडलेल्या अंड्यावर दोन-चार थेंब मारतो आणि सकाळी ग्लासभर पाण्यात एक चमचा टाकून पितो, आणि ह्या एवढ्याशा गोष्टीवर कुणाचा विश्वासच बसत नाही. ऑफिसात डब्याच्या पिशवीतून छोटी बाटली काढली की पहिला प्रश्न, किती किलो उतरलं? एक ग्रॅमही नाही. मग शुगर आहे का? नाही. मग समोरचा खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "लिव्हर?"

आपल्याकडे आंबट खायचं लायसन फक्त डोहाळे लागलेल्या बाईला. तिने चिंच मागितली की घरभर कौतुक. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने मागितलं की थेट लिपिड प्रोफाइल.

हे वेड जुनं आहे. लहानपणी आमच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी लागायची, तिथे टेबलावर तीन वाट्या असायच्या, एक लाल, एक काळी आणि एक पाण्यासारखी, तिच्यात हिरव्या मिरचीचे तुकडे तरंगत असायचे. लोक त्यातल्या मिरच्या उचलून नूडल्सवर घालायचे, मी खालचं पाणी चमच्याने प्यायचो. गाल आत जायचे, कानामागे काहीतरी आवळल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यात टचकन पाणी, मग परत एक चमचा. गाडीवाला ओरडायचा, ए बारक्या ते प्यायचं नसतं. पण तेव्हा निदान सगळे मला नुसता वेडा समजायचे, आजारी नाही. वाट लावली ती ह्या ॲपल सायडर व्हिनेगरवाल्यांनी. आता जो तो नाक दाबून, औषध म्हणून पितो आणि मी हसत हसत पितो हे बघून त्यांना राग येतो. माझ्या मेहुणीने चार दिवस घेतलं आणि उरलेली बाटली माझ्याकडे आणून दिली, लोक बंद पडलेली ट्रेडमिल नातेवाइकांना देतात ना, तशी.

अर्थात फटके खाल्लेत मी पण. सुरुवातीला उत्साहात पाणी न घालता एक झाकण थेट मारलं होतं, त्यानंतरची दहा मिनिटं मी घरात कुणाशी बोललो नाही कारण आवाजच नव्हता. मग दाताचं प्रकरण. चिंच खाल्ली की दात आंबले असं आपण सहज म्हणून सोडून देतो, डेंटिस्ट त्यालाच एनॅमलची झीज म्हणतो आणि बिल लावतो. त्याने सांगितलं की प्यायचंच असेल तर भरपूर पाणी घालून स्ट्रॉने प्या, वरून साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या, ॲसिडने वरचा थर मऊ झालेला असतो. त्यामुळे आता रोज सकाळी साडेसहाला मी बाल्कनीत उभा राहून गुलाबी स्ट्रॉने पितो. दूधवाला रोज बघतो. काही बोलत नाही, फक्त बघतो.

पण खरी गंमत गोव्याची. लोक गोव्यातून काजू आणतात, नाहीतर ते आणतात. मी व्हिनेगर आणतो. तिथलं व्हिनेगर म्हणजे माडाची सूर, आपण माडी म्हणतो ती, सकाळी काढलेली गोड असते, दुपारपर्यंत आंबायला लागते, तिची दारू होते आणि तशीच आठवडेच्या आठवडे हवा लागू देत ठेवली की हवेतले जीवाणू त्या दारूचं ॲसिड करतात, झालं विनाग्र. बाजारातलं पांढरं सिंथेटिक म्हणजे ॲसिटिक ॲसिड आणि पाणी, त्याला नुसता दंश असतो, ह्याला चव असते, मागाहून किंचित गोडसर लागतं. विंदालूचा जीव ह्याच्यात आहे, मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण आहे, आलू कुठेच नाही, तरी आपल्याकडची हॉटेलं त्यात बटाटे घालतात. असो, तो वेगळा राग आहे.

तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका मावशींकडून मी तीन बाटल्या घेतल्या. शेजारी चोरिसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा लटकलेल्या, त्यांच्यातही हेच पडतं. मावशी म्हणाल्या घरचं आहे, आणि घरचंच होतं, कारण बाटल्या व्हिस्कीच्या होत्या. रंग चहाच्या पाण्यासारखा, बुचाला प्लास्टिकचा कागद आणि दोरा. मला त्यात काहीच खटकलं नाही. खटकलं ते बॉर्डरवर, गाडी बाजूला घ्यायला लावली तेव्हा.

हवालदारांनी डिकी उघडली, टॉवेल बाजूला केला, आणि तीन बाटल्या.

"हे काय साहेब?"

"व्हिनेगर."

"कसलं?"

"सिरका हो, सिरका. जेवणात घालतात."

आता इथे गप्प बसायचं की नाही. पण मला आपलं ज्ञान वाटायची सवय, मी म्हणालो, "म्हणजे तशी ती आधी दारूच होती, पण नंतर..." बायकोने कोपर मारलं ते बरगडीत बसलं. हवालदारांचे डोळे चमकले. "आधी दारू होती?" मी जीवाणू समजावले, हवा समजावली, सूर समजावली, ते शांतपणे ऐकत होते, आणि मागच्या सीटवरून मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "काका, बाबा हे रोज सकाळी पितात." शेवटी त्यांनी दोरा सोडला, बूच काढलं आणि नेहमीच्या अंदाजाने बाटली नाकाला लावून जो काही मोठ्ठा श्वास घेतला... मी नको नको म्हणेपर्यंत उशीर झाला होता. टोपी एका हातात, दुसरा हात रेलिंगला, ठसक्यावर ठसका, दुसरा हवालदार पाणी घेऊन धावला. जरा दम आल्यावर त्यांनी डोळे पुसले, बूच स्वतः नीट लावून दिलं आणि माझ्याकडे अशा काही करुणेने बघितलं की सख्ख्या भावाने बघितलं नसेल.

"साहेब, हे रोज पिता?"

"हो."

"त्यापेक्षा दारू प्या हो."

त्यातली एक बाटली दोन महिन्यांनी कपाटातून काढली तर वर जाड, चिकट, पारदर्शक साय आलेली. बायको म्हणाली अहो, बाटलीत काहीतरी वाढतंय, फेकून द्या. मी म्हणालो, "अगं फेकतेस काय, मदर आहे ती, तिला मदरच म्हणतात, तिच्यापासून नवीन व्हिनेगर होतं." ती म्हणाली, "घरात एक आई आहे तेवढी पुरे." आई शेजारच्याच खोलीत शेंगा निवडत होती. त्या संध्याकाळचं जेवण फार शांततेत झालं.

आईचा तर व्हिनेगरशी उभा दावा. तिच्या हिशोबाने आंबट म्हणजे चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, ताक, आणि फार तर आमचूर, ते पण पाहुण्यासारखं. एकदा आमसूल संपलं होतं म्हणून मी गुपचूप आमटीत एक चमचा व्हिनेगर घातलं. आईने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "आमटीला हॉटेलातल्या कांद्याचा वास येतोय." बरोबर होतं तिचं, पंजाबी हॉटेलात बीट घालून गुलाबी केलेले सिरक्यातले छोटे कांदे देतात, तोच वास. एका चमच्यात पकडलं. मग मी जरा इतिहास काढला, की रोमन सैनिक पाण्यात व्हिनेगर घालून प्यायचे, पोस्का म्हणायचे त्याला, आणि त्यावर त्यांनी केवढं साम्राज्य उभं केलं. आई म्हणाली, "मग कुठंय ते आता?"

उन्हाळ्यात मात्र एकदा जिंकलो होतो. इराणी लोक सेकंजबीन करतात, साखरेचा पाक, त्यात व्हिनेगर आणि पुदिना, गार झालं की पाण्यात कालवून बर्फ. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं कमी पडलं तेव्हा मी ते पुढे केलं, नाव न सांगता. बायकांनी दोन-दोन ग्लास प्यायले, एकीने रेसिपी विचारली. मी खरं सांगितलं. तिने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "ह्याने वजन कमी होतं का हो?"

आणि आता मागच्या रविवारची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. म्हापशाची शेवटची बाटली, अर्धी शिल्लक, मी थेंबथेंब पुरवत होतो. सकाळी कपाट उघडलं, बाटली नाही. घरभर शोधली. शेवटी बाथरूममध्ये गेलो तर शॉवरच्या तोंडाला भाजीची पिशवी रबरबँडने बांधलेली, गच्च भरलेली, आणि आत माझं विनाग्र, चहाच्या रंगाचं, बारीक बारीक बुडबुडे सोडत. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली, आणि बायकोने कुठेतरी बघितलं की व्हिनेगरने क्षार विरघळतो. विरघळतोच, मी नाही म्हणत नाही, पण त्याला पंचवीस रुपयांचं पांढरं सिंथेटिक चाललं असतं गं! ती म्हणाली, "ते पण बघितलं, पण तुमचं जरा स्ट्राँग वाटलं."

रात्रभर पिशवी तशीच राहिली. सोमवारी सकाळी शॉवर सोडला तर वर्षभरात पहिल्यांदा सगळ्या भोकांतून सरळ धारा. बायको बाहेरून विचारत होती, "आलं का नीट पाणी?" मला उत्तर देता येत नव्हतं, मी मान वर करून तोंड उघडं धरलं होतं. पहिले दोन-तीन सेकंद येत होती चव.