एडीएचडीची गोळी सुट्टीत बंद ठेवण्याबाबत खुलासा

‘एडीएचडी असलेल्या मुलांची गोळी दर रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत बंद ठेवलीच पाहिजे, नाहीतर उंची कायमची खुंटते,’ असा संदेश सध्या पालकांमध्ये फिरत आहे. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेली अवस्था.) असा सरसकट नियम नाही.

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधामुळे भूक मंदावते, दुपारचा डबा अर्धा परत येतो आणि काही मुलांच्या वाढीचा वेग थोडा कमी होतो, हे खरे आहे. म्हणूनच ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वे दर ६ महिन्यांनी उंची मोजायला सांगतात आणि ती लक्षणीयरीत्या मागे पडत असेल, तर शाळेच्या सुट्टीत नियोजित खंडाचा विचार करावा, असे सुचवतात. हा निर्णय त्या मुलाच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी पालकांशी बोलून घ्यायचा असतो.

संदेशातील अधिक गंभीर चूक म्हणजे तो सगळ्या औषधांना एकाच मापाने मोजतो. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी ओसरतो. ॲटोमॉक्सेटीन या एडीएचडीवरीलच दुसऱ्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला मात्र काही आठवडे रोज डोस द्यावा लागतो, त्यामुळे ते रविवारपुरते थांबवण्यात अर्थ नाही. क्लोनिडीन हे तिसरे औषध अचानक बंद केल्यास रक्तदाब एकदम वाढू शकतो, म्हणून ते हळूहळूच कमी करावे लागते.

शिवाय एडीएचडी केवळ अभ्यासापुरती नसते. रहदारीत सायकल चालवणाऱ्या उतावळ्या मुलाला सुट्टीतही औषधाची तेवढीच गरज असू शकते.