लोणच्याच्या बरणीचं धोतर

ठाण्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर मी अजूनही आहे. ऑक्टोबर संपत आला की तिथे हॅलोविनवरून ठरलेलं भांडण सुरू होतं. एक काका लिहितात, "दिवाळी तोंडावर असताना ही भुताखेतांची थेरं कशाला? दारोदार मागत फिरणं आपल्यात बसत नाही." कुणाची तरी सून लिहिते, "मुलांना मजा येते हो काका." मग दोन दिवस अंगठे, हात जोडलेले, परत अंगठे. मी उत्तर लिहिते आणि पुसून टाकते.

आम्ही राहतो ते अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डी मॉइन शहर (नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले दोन्ही 'एस' फक्त लिहायचे). इथे मुलं घरोघर फिरतात त्या संध्याकाळचं नाव आहे 'बेगर्स नाइट', म्हणजे सरळसरळ भिकाऱ्यांची रात्र. काकांना हे मी अजून कळवलेलं नाही. १९३८ च्या हॅलोविनला इथे पोरांनी एवढा धुडगूस घातला, की पोलिसांकडे शेकडो तक्रारी गेल्या. त्यानंतर शहराने मुलांसाठी ३० ऑक्टोबरची संध्याकाळ ठरवली आणि ती अनेक वर्षं चालली. अट एकच, फुकट काही नाही. दारात जोक सांगायचा, मग गोळी मिळते.

सोंग घ्यायचं, दारात काहीतरी करून दाखवायचं आणि मागायचं, हे आपल्यात नाही? माझं आजोळ गुहागरकडचं. शिमग्याला काळ्या कपड्यातला, टोकदार मुखवट्याचा संकासुर अंगणात आला की मी आजीच्या पदरात शिरायचे आणि आजी त्याला पोस्त द्यायची. तेव्हा परकेपणाचा मुद्दा मला तरी पटत नाही.

गेल्या वर्षी ग्रुपवर फोटो आला तेव्हा मात्र मला काका थोडे बरोबर वाटले. बारा मुलं, त्यांतली सात एकाच छापाच्या सांगाड्याच्या सुटात, पाकिटातल्या घड्या तशाच. पुढच्याच फोटोत सोसायटीचा दिवाळीचा किल्ला होता. तोही दुकानातून आणलेला, रंगवलेला. आम्ही गोणपाट चिखलात बुडवून बुरूज करायचो, अळीव पेरायचो आणि उगवलं की नाही ते रोज सकाळी बघायचो. त्या तयार किल्ल्यावर ग्रुपवर कुणीही भांडलं नाही. सण कुणाचा यावर दोन दिवस वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही, की पोरांनी हाताने काय केलं?

इथे सगळे घरीच शिवतात असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०२३ च्या हॅलोविनच्या खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर दिला होता. घरी केलेलं स्वस्तच पडतं, हाही गैरसमज. पहिल्या वर्षी मी हौसेने फेल्ट, ग्लू गन, चकचकीत कागद असं बावन्न डॉलरचं सामान आणलं. त्यातून झालेलं घुबड कोंबडीसारखं दिसत होतं. तयार घुबड तीस डॉलरला होतं.

तेव्हापासून नियम केला : घरात आहे त्यातूनच. आईने लोणच्याची बरणी बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून पाठवली होती. त्या धोतरातून मुलासाठी ममीचं सोंग झालं, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेलं इजिप्तचं प्रेत. चार-चार बोटांच्या पट्ट्या टरकावल्या (कापायच्या नाहीत, फाडल्या की कडेचे दोरे सुटतात), चहाच्या उरलेल्या चोथ्यात उकळून पिवळट केल्या. बरणीच्या हळदीचा डाग तर फुकटचा. पट्ट्या अंगाला गुंडाळल्या तर दुसऱ्या गल्लीत सुटतात आणि 'शू' आली की संपलंच. म्हणून त्या जुन्या पायजम्यावर आणि दोन मापं मोठ्या शर्टवर टाके घालून बसवल्या. माप मोठं कारण आतून जॅकेट घालावं लागतं. इथली ऑक्टोबरअखेरची थंडी तयार सूट विकणाऱ्यांच्या गावीही नसते, त्यामुळे महागडी परी कोटाखाली झाकून फिरते. लोंबती टोकं आखूड ठेवली, कारण दारात कोरून ठेवलेल्या भोपळ्यांत कुणीकुणी अजून खऱ्या मेणबत्त्या लावतात. खर्च शून्य. वेळ एक संध्याकाळ, त्यात टाके नवऱ्याने घातले.

हे मी ठाण्यातल्या वहिनीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "मी साडेसातची लोकल पकडते, रात्री आठला घरी येते. तुझी ममी मी कधी उकळू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'घरी करा' म्हणताना आपण बहुतेक वेळा 'आईने करा' असंच म्हणत असतो. मग मी एवढंच म्हटलं, की भाच्याला एक खोकं, कात्री आणि रविवारची दुपार दे आणि तू झोप. त्याने केलेला रोबो वाकडाच झाला. एक हात वर, एक खाली. सांगाड्यांच्या गर्दीत लोकांनी त्यालाच थांबवून फोटो काढले म्हणे.

आमच्या ममीला जोक पाठ होत नव्हता. आईने व्हिडिओ कॉलवर कोडं शिकवलं : एवढंसं कार्टं, घर राखतं. त्याने ते दारोदार इंग्रजीत विचारलं. कुणी कुत्रा म्हणालं, कुणी मांजर. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी बराच वेळ विचार केला, मग स्वतःच्या दाराकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप!" त्यांनी मूठभर गोळ्या दिल्या आणि पट्टीवरच्या पिवळ्या डागाला बोट लावून विचारलं, हे एवढं खरं कसं जमवलंत?

ममी म्हणाली, "कैरीचं लोणचं."