स्ट्रॉबेरीचा वास ना बीव्हरचा, ना फळ पिळून काढलेला

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते रील परत फिरत आलं, तुम्हीपण बघितलं असेल. म्हणणं असं की स्ट्रॉबेरीचा परफ्यूम म्हणजे बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीखालचा रस, तो नसेल तर मग घातक केमिकल, म्हणून प्युअर नॅचरल स्ट्रॉबेरी इसेन्शियल ऑइलच घ्या, आणि तसंही स्ट्रॉबेरी हा लहान पोरींचा वास, चांगल्या परफ्यूममध्ये त्याला जागाच नाही. खाली सगळे "बापरे" आणि "ईईई" लिहून मोकळे. मी सहा वर्षं घरी परफ्यूम मिसळतेय आणि त्यातली दोन वर्षं तरी स्ट्रॉबेरीच्या मागे घालवलीयेत, त्यामुळे मला गप्प बसवेना.

आधी बीव्हर. कॅस्टोरियम नावाची वस्तू खरीच आहे, नाही म्हणत नाही. बीव्हरच्या शेपटीच्या बुडाशी दोन पिशव्या असतात, त्यातल्या स्रावाने तो आपली हद्द आखतो, आणि परफ्यूमवाले तो पूर्वीपासून वापरत आलेत, आपल्याकडे कस्तुरी वापरायचे तसंच. पण कशासाठी? तर चामड्याच्या वासासाठी. खरं कॅस्टोरियम माझ्या हाती आलेलं नाही, त्याची कृत्रिम नक्कल मी हुंगलीय, चपलांच्या दुकानात शिरल्यावर येतो तो वास आणि मागे थोडा धूर, स्ट्रॉबेरीशी त्याचं काही नातं नाही. खाण्याच्या फ्लेवरमध्ये, म्हणजे व्हॅनिला, रासबेरी, स्ट्रॉबेरी वगैरेत ते पूर्वी किंचित पडायचं आणि अमेरिकेत त्याला अजून परवानगी आहे, रील बनवणाऱ्याने हेच उचललंय. पण फ्लेवरच्या धंद्यातल्या हँडबुकात अख्ख्या अमेरिकेचा वर्षाचा वापर दिलाय तो ३०० पौंडांच्याही आत, म्हणजे दीडशे किलोसुद्धा नाही. एवढ्यात जगभरच्या लिप बाम, शांपू आणि बॉडी मिस्टला वास कसा पुरेल सांगा. शिवाय कातडं आणि कॅस्टोरियमसाठी इतकी शिकार झाली की १९०० च्या सुमारास युरोप आणि आशियात मिळून जेमतेम १२०० बीव्हर उरले होते. इतकी महाग आणि दुर्मिळ वस्तू कोण स्ट्रॉबेरीच्या स्वस्त बाटलीत ओतणार?

आता ते इसेन्शियल ऑइल, म्हणजे फुला-फळांतून, मुळांतून थेट काढलेलं वासाचं तेल. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण इथे लोकांचे पैसे जातात. स्ट्रॉबेरीचं इसेन्शियल ऑइल बाजारात घेण्यासारखं असं काही नसतंच. गुलाबाचं निघतं, वाळ्याचं निघतं, स्ट्रॉबेरीचं नाही. फळात नव्वद टक्क्यांवर पाणी, आणि वास देणारे घटक म्हणाल तर किलोमागे काही मिलिग्रॅम, तेही इतके नाजूक की वाफ लागली की बदलतात. माझा विश्वास बसत नव्हता म्हणून मागच्या फेब्रुवारीत महाबळेश्वरहून आलेले दोन बॉक्स मी घरच्या छोट्या डिस्टिलेशनच्या भांड्यात लावले, ताजी, लालभडक, देठासकट स्वयंपाकघर भरून टाकणारी फळं होती ती. दीड तासाने पलीकडे जे जमलं ते गढूळसर पाणी, वर तेलाचा थेंब नाही, आणि वास शिजलेल्या जॅमचा. देठापाशी नाक नेल्यावर येतो तो हिरवा, आंबटगोड, पावसात भिजल्यासारखा वास कुठच्या कुठे गेला होता.

मग दुकानात मिळतं ते काय? मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १० मिली "शंभर टक्के शुद्ध" ३९९ रुपयांना मागवलं होतं. साध्या कागदावर एक थेंब टाकला आणि शेजारी संत्र्याच्या सालीच्या तेलाचा एक. संध्याकाळपर्यंत संत्र्याचा थेंब उडून गेला, दुसऱ्याचा भज्यांच्या कागदासारखा डाग चार दिवस तसाच. म्हणजे साधं खाद्यतेलासारखं बेस ऑइल आणि त्यात बाहेरून मिसळलेला वास. स्ट्रॉबेरीच्या बियांचं तेल मिळतं, ते खरं असतं, त्वचेला लावतात, पण त्याला फळाचा वास नसतो. वास मिसळून विका ना, त्यात गैर काही नाही, मीही तेच करते, फक्त बाटलीवर फ्रॅग्रन्स ऑइल लिहा.

राहिला केमिकलचा मुद्दा. स्ट्रॉबेरीत वासाचे साडेतीनशेच्या वर घटक सापडलेत, आणि त्यातला एकही एकटा हुंगला तर तुम्ही स्ट्रॉबेरी म्हणणार नाही. फ्युरॅनिऑल घ्या, पांढरट खडे असतात, डबी उघडली की करपलेल्या साखरेचा वास, तेच एक टक्क्यावर पातळ करा की एकदम पिकलेलं फळ समोर येतं. एथिल ब्युटिरेट उग्र, अननसाकडे झुकणारं. गॅमा डेकालॅक्टोन पीचसारखं, मऊ. आणि नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासाचं सिस थ्री हेक्सेनॉल, हे सुईच्या टोकाएवढं घातलं नाही तर सगळं गोळीसारखं चिकट गोड होऊन बसतं. हे सगळे रेणू फळातही असतात, आणि लॅबमध्ये बनलेल्या फ्युरॅनिऑलचा रेणू फळातल्यापेक्षा तसूभरही वेगळा नसतो.

एक अपवाद मात्र आहे आणि तो मी लपवणार नाही. परफ्यूमवाले ज्याला स्ट्रॉबेरी अल्डिहाइड किंवा सी-१६ म्हणतात ते फळात नसतं, ते पूर्ण माणसाने बनवलेलं. नावही फसवं, अल्डिहाइड नाही आणि कार्बन १६ नाहीत, १२ आहेत. लहानपणी वासाचं गुलाबी खोडरबर होतं ना, तोच वास. पण फळात नाही म्हणून घातक हे कुठून आलं? आणि नैसर्गिक म्हणून सुरक्षित हे तरी कुठून? बर्गमॉटच्या सालीचं तेल अगदी नैसर्गिक, ते लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते, ओकमॉस हे झाडावरचं दगडफूल, त्यावर अ‍ॅलर्जीपायी मर्यादा घालावी लागली. वस्तू कुठली आणि किती टक्के, एवढंच बघायचं असतं. तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल तर कुठलाही परफ्यूम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, मग तो स्ट्रॉबेरीचा असो की चंदनाचा.

लहान पोरींचा वास म्हणाल तर मार्क जेकब्स या ब्रँडचा डेझी हा परफ्यूम २००७ चा, त्याची सुरुवातच रानटी स्ट्रॉबेरीने होते, आणि बर्बरी ब्रँडचा हर २०१८ चा, तो फ्रान्सिस कुर्कजियानसारख्या नावाजलेल्या परफ्यूम बनवणाऱ्याने बनवलाय. मुळात स्ट्रॉबेरीची गंमत शेजाऱ्यात आहे. एथिल माल्टॉल, म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास, तो भरपूर ओतला की लहान मुलांचं होतंच. त्याऐवजी मी पॅचौली घालते, ओल्या मातीच्या, तळघराच्या वासाची, आणि अगदी थोडा वाळा. आमच्या सासूबाईंना गोड वास अजिबात चालत नाही, त्यांनी या मिश्रणात बुडवलेली कागदाची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगली आणि म्हणाल्या, भिलारला शेतात वाफ्यात वाकून फळ तोडताना असाच वास यायचा गं, माती आणि फळ एकत्र. त्या पट्टीवर खऱ्या स्ट्रॉबेरीचा एक थेंबही नव्हता.