खिडकीतला टॉवर आणि उशाशी ठेवलेला फोन

ताई, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. विश्रामबागेतल्या तुमच्या घरासमोर मोबाइल टॉवर उभा राहिलाय, चार वर्षांचा मुलगा फोनवर अंगाई ऐकत टॉवरकडच्या खोलीत झोपतो, आणि मी मागच्या लेखात 'टॉवरची धास्ती नको' असं लिहून कंपन्यांची तळी उचलतो, असं तुम्ही म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेनंच फोन-टॉवरच्या रेडिओलहरींना कर्करोगकारक ठरवलंय, हा तुमचा मुख्य मुद्दा.

संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2011 साली या लहरी '2बी' गटात टाकल्या. म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा तोकडा. तो तोकडा पुरावाही फोन कानाला लावून बोलणाऱ्यांबद्दलचा होता. टॉवरबद्दल निष्कर्ष काढण्याइतकीही माहिती हाती नव्हती. पुढे संघटनेनंच करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. तो 2024 मध्ये आला, आणि फोन व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात दिसला नाही.

माझी आत्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात राहते. घरात रेंजची जेमतेम एक कांडी. ओसरीच्या खांबाला टेकून, फोन कानाशी दाबून ती अर्धा अर्धा तास बोलते. रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, आणि तो जोर कानाशीच असतो. टॉवर जवळ असेल तर कमी ताकदीत भागतं. टॉवरच्या लहरी मात्र लांबून येतात, अंतर दुप्पट झालं की त्यांची तीव्रता साधारण चौथाईवर येते. म्हणून मला काळजी आत्याच्या कानाची जास्त वाटते.

भारतानं 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी चौरस मीटरमागे 4.5 वॅटऐवजी 0.45. फोनच्या लहरींची शरीरात शोषली जाणारी ऊर्जा किलोमागे 1.6 वॅटपर्यंतच चालते. बहुतेक फोनवर स्टार हॅश 07 हॅश दाबलं की त्या फोनचा हा आकडा दिसतो.

पण तुमचा एक प्रश्न मला लागला: मर्यादा कागदावर आहे, माझ्या खिडकीत ती कोण मोजतंय? हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं, आलं नाही. चूक माझी. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर टॉवरची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागवता येते. जरूर मागवा. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर तक्रार अर्जावर तुमच्या सहीखाली माझी सही घ्या.

तोवर अंगाई डाउनलोड करून ठेवा, फोन विमान मोडवर टाका आणि उशाशी न ठेवता कपाटावर ठेवा. आवाज तिथूनही पोचेल.