२३ दिवस का लागले: आमच्या ऑफिसकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही घेत असलेल्या फ्लॅटच्या मालकीचे कागद तपासून आम्ही जो सर्च रिपोर्ट दिला, त्याबद्दल आमच्या वकिली ऑफिसवर लिहिलेला तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी ऑफिस उघडल्यावर परत दोनदा वाचला. आधी माफी मागते. १९ मार्चला तुमचे तीन फोन आमच्याकडून उचलले गेले नाहीत, आणि चौथा उचलला तेव्हा ऑफिसमधल्या मुलीने "ते बँकेलाच विचारा" म्हणून तोडून टाकलं. हे चुकलंच. तिला मी बोलले आहे.

पण तुम्ही लिहिलंत की "चार दिवसांच्या कामाला २३ दिवस लावले, बँकेच्या वकिलाने तेच दोन दिवसांत केलं, यांचा रिपोर्ट बँकेने हातातही घेतला नाही, दुकान मांडून नुसते पैसे घेतात." यातल्या २३ दिवसांबद्दल मला बोलावंच लागेल. हे वाचून ज्यांनी अजून आमच्या ऑफिसची पायरीही चढलेली नाही, ते तेवढाच आकडा लक्षात ठेवतील.

३ मार्च, सोमवार. तुम्ही आणि वहिनी आलात. हातात २००९ आणि १९९८ च्या करारनाम्यांच्या झेरॉक्स होत्या. बिल्डरने पहिल्या मालकाला फ्लॅट विकला तो १९९१ चा करारनामा नव्हता. मी त्याच दिवशी म्हटलं होतं की मालकीची साखळी पहिल्या दस्तापासून लागते, मधला एक कागद नसला तरी बँक अडते. तुम्ही म्हणालात, विकणारे काका नाशिकला असतात, मागवून घेतो. ठीक. त्याच दुपारी मी ऑनलाइन ई-सर्च (नोंदलेल्या जुन्या दस्तांचा शोध) करून घेतला. पण नोंदणी विभागाच्या साइटवर मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राच्या नोंदी २००२ पासूनच्याच दिसतात. सर्च लागतो ३० वर्षांचा. म्हणजे १९९५ ते २००१ ही सात वर्षं निबंधक कार्यालयात जाऊन, चलन भरून, इंडेक्सची (दस्तांच्या सूचीची) पुस्तकं उघडून पान पान बघावी लागतात. ती पुस्तकं कशी असतात हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. कडा झडलेल्या, शिवण सुटलेली, आणि एखाद्या वर्षाचं पुस्तक बाइंडिंगला गेलेलं.

५ मार्चला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तुम्ही व्हॉट्सॲपवर​​ १९९१ च्या करारनाम्याचा फोटो पाठवलात. कागद दिलाच नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या फोटोत पान धरणाऱ्याचा अंगठा बरोबर नोंदणीच्या शिक्क्यावर होता. दस्त क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते, पुढचे अंगठ्याखाली. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला, नवऱ्याला दाखवला, सकाळी ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर लावला. नाही वाचता आला. दस्त क्रमांक आणि साल असल्याशिवाय सर्टिफाइड कॉपीचा (निबंधकांच्या सहीशिक्क्याच्या नकलेचा) अर्ज पुढे जात नाही. ६ तारखेला मी मेसेज केला, १० ला परत केला. स्वच्छ झेरॉक्स आली १३ मार्चला संध्याकाळी. १४ ला धुळवड, पुढे शनिवार-रविवार. १७ ला सकाळी चलन भरलं. त्या आठवड्यात मार्चअखेरची गर्दी होती. १ एप्रिलला रेडी रेकनरचे (मुद्रांक शुल्क ज्यावर ठरतं ते सरकारी) दर बदलू शकतात म्हणून सगळं शहर दस्त नोंदवायला धावतं, आणि पुस्तकं काढून देणारा माणूस तिथे एकच. शुक्रवारी २१ ला सर्च संपला, २४ ला टाइप झाला, २५ ला तुमच्या हातात दिला.

५ ते १३ मार्च हे आठ दिवस आम्ही एका आकड्यासाठी थांबलो होतो, सर. ते माझ्या नावावर लिहू नका. पण तेवढ्या दिवसांत मी निदान ती सात वर्षांची पुस्तकं बघायला सुरुवात करू शकले असते. तो क्रमांक त्या कामाला लागत नव्हता. सगळं एकाच फेरीत उरकू असा विचार केला, तो चुकला. त्यात चार-पाच दिवस वाचले असते. एवढा दोष माझा आणि तो मी घेते.

आता बँकेच्या वकिलांचे दोन दिवस. फाइल त्यांच्याकडे गेली तेव्हा तिन्ही करारनामे, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, १९९१ च्या दस्ताचा पूर्ण क्रमांक, ३० वर्षांच्या सर्चची पावती, सगळं क्रमाने लावलेलं होतं. त्याला जी हिरवी क्लिप होती ती आमच्या ऑफिसची. रांधलेलं ताट समोर आलं की जेवायला वेळ लागत नाही.

आणि तुम्ही लिहिलंत ती त्यांनी "काढलेली चूक", म्हणजे १९९१ च्या करारनाम्याची मूळ प्रत विकणाऱ्याकडे नाही ही, माझ्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर पाचव्या मुद्द्यात आहे. पुढे काय करायचं तेही तिथेच लिहिलंय: कागद हरवल्याची पोलिसांकडे तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, निबंधकांकडून सर्टिफाइड कॉपी, विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. बँकेच्या वकिलांनीही नेमकं हेच मागितलं. मूळ प्रतीसाठी बँक एवढी का अडते, तर मूळ दस्त ताब्यात ठेवणं हेच तिचं गहाण असतं. (मंजुरीनंतर मूळ कागद देताना बँकेकडून यादी करून सहीशिक्क्याने लिहून घ्या. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिराबद्दल दिवसाला ५,००० रुपये. पण काय दिलं होतं याची यादीच नसेल तर भांडणार कशावर?)

"रिपोर्ट बँकेने घेतला नाही" हेही खरंच आहे. माझाच नाही, कुठल्याही बाहेरच्या वकिलाचा रिपोर्ट बँका सहसा घेत नाहीत. त्यांच्या पॅनेलवरचा, म्हणजे बँकेने नेमलेल्या यादीतला वकील लागतो. त्याचे पैसे तुम्ही भरता, पण तो बघतो बँकेसाठी. हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून पैसे वसूल होतील का, एवढा त्याचा प्रश्न. त्याचा रिपोर्ट बहुतेक वेळा तुमच्या हातातही येत नाही. घेणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. मालकांपैकी कोणी वारलंय का, वारसांची हक्कसोड झाली का, की सोसायटीने नुसत्या नॉमिनेशनवर नाव चढवलंय? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लोकांना सौदा फिसकटल्यावर कळतं. पार्किंग कागदावर आहे की तोंडी? मेंटेनन्सची थकबाकी किती? दुय्यम निबंधकांनी दस्त नोंदवला म्हणजे मालकी तपासली असंही नसतं, ते त्यांचं काम नाही. म्हणून लोक आमच्यासारख्यांकडे येतात. तुमच्या कागदांत यातलं काय निघालं ते इथे चारचौघांत लिहिणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

बँकेचा वकील वेगळा लागेल हे मी ३ तारखेला सांगितलं होतं, पण तोंडी. लिहून दिलं नव्हतं. घर घेताना माणसाच्या डोक्यात पन्नास गोष्टी असतात, त्यात माझं एक वाक्य निसटलं असेल.

विकणाऱ्यांनी मध्येच दोन लाख वाढवून मागितले, त्याचा दोष माझ्यावर टाकलात याचं सगळ्यात वाईट वाटलं. तुम्ही आलात तेव्हा एक लाख टोकन देऊन झालं होतं आणि विसारपावतीवर मुदत लिहिलेली नव्हती. सर्च आधी, टोकन नंतर, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तुमच्या बाबतीत सांगायची वेळच उरली नव्हती.

पैशांचं म्हणाल तर फी ९,५०० होती, सरकारी चलनं धरून, प्रत्येक चलनाची प्रत तुमच्या फाइलला आहे. फ्लॅट एकट्या वहिनींच्या नावावर घ्या, तुम्ही कर्जाला सहअर्जदार राहा, असं मीच सुचवलं होतं, कारण आपल्या शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे आणि फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळते. ५२ लाखांवर ते ५२,००० होतात. हे उपकार म्हणून लिहीत नाही, ते माझं कामच आहे. पण "नुसते पैसे घेतात" वाचल्यावर हात थांबला नाही.

"दुकान" म्हणालात. माझे बाबा दस्तलेखक होते. निबंधक कार्यालयाबाहेर ताडपत्रीखाली, एका टाइपरायटरवर, पावसाळ्यात कार्बन पेपर छातीशी धरून त्यांनी लोकांचे दस्त लिहिले. तोच टाइपरायटर आज ऑफिसच्या कपाटावर आहे, तुम्ही बसला होतात त्याच्या बरोबर समोर. आमची जाहिरात नाही, बोर्डही छोटा आहे. माणसं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात, आणि आता आधी इथे येऊन वाचतात. या आठवड्यात दोघांनी फोनवर विचारलं, "मॅडम, ते २३ दिवसांचं काय?" दोघांपैकी एकजण आला नाही.

इथून पुढे कोणते कागद लागतील आणि बँकेचा वकील वेगळा असतो, हे पावतीच्या मागेच छापून देणार आहोत. फोनचंही काहीतरी बघतो, दुपारी निदान एकजण टेबलावर राहील असं करू.

१९९१ च्या करारनाम्याच्या सर्टिफाइड कॉपीसाठी मी २१ मार्चलाच अर्ज टाकून ठेवला होता, तुम्ही सांगायच्या आधी. कॉपी परवा आली. माझ्या ड्रॉवरमध्ये तुमच्या नावाच्या पाकिटात ठेवली आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. बँकेला हीच हवी आहे. मी संध्याकाळी साडेसातपर्यंत असते. तुम्हाला यावंसं वाटत नसेल तर वहिनींना पाठवा, नाहीतर पत्ता कळवा, मी स्वतः आणून देते.