केळीत ‘कोणताही’ भाजीपाला चालत नाही

“केळीत कोणताही भाजीपाला लावा. खत-पाणी तेच, केळीला धक्का नाही, उत्पन्न दुप्पट.” असा संदेश खान्देशातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. रावेर-यावल पट्ट्यात हे ऐकून लावणी केली तर बाग उपटायची पाळी येऊ शकते.

‘कोणताही भाजीपाला’ हेच सर्वात घातक. काकडी, टरबूज, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची, वांगी, चवळी या सगळ्यांवर कुकुंबर मोझॅक विषाणू मुक्काम करतो, आणि केळीवरचा हरण्या रोग होतो तो याच विषाणूमुळे. मावा (रस शोषणारी बारीक कीड) रोगट वेलाचा रस काही सेकंद चाखून केळीवर बसला की विषाणू पोहोचला. फवारलेल्या औषधाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते, त्यामुळे ‘मावा दिसला की फवारू’ या भरवशावर राहू नका. टिश्यूकल्चरची कोवळी रोपं पहिले तीन-चार महिने सर्वात नाजूक. पानांवर शिरांच्या दिशेने पिवळ्या तुटक रेषा, मग पान आखडतं, पुढे पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. असं झाड सुधारत नाही. मुळासकट उपटून बागेबाहेर जाळा किंवा पुरा. बांधावरचे भोपळ्याचे वेलही काढा.

‘खत-पाणी तेच’ हेही खोटं. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, २०० पालाश लागतं. मधे कांदा घेतला तर त्याचं हेक्टरी १००:५०:५० किलो (याच क्रमाने) त्यावर वेगळं. पाण्यात तर उघड भांडण आहे. कांद्याचं पाणी काढणीआधी दोन-तीन आठवडे तोडावं लागतं. कांदेबागेत (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत) ही वेळ उन्हाळ्याच्या तोंडावर येते; तेव्हा ठिबक बंद ठेवलं तर केळीची वाढ अडते, चालू ठेवलं तर कांदा चाळीत टिकत नाही. कांद्याला वेगळी लॅटरल (ठिबकची नळी) आणि व्हॉल्व्ह देता येत नसेल तर पातीचा कांदा, मेथी, कोथिंबीर घ्या.

‘दुप्पट’चा हिशेब सोपा आहे. ५ × ५ फुटांवर लागवड, खोडापासून दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट मोकळं सोडलं, तर मधे दोन फुटांचा पट्टा उरतो. म्हणजे एकरातलं ४० टक्के क्षेत्र, त्यातून एकराचा कांदा कसा निघेल? मृगबागेत (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत) तर पानांची सावली लवकर पडते, कांदा पोसत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत मधली जागा मोकळी असते, ऊनही मिळतं, एवढं मात्र खरं. तिथे महिना-दीड महिन्यात निघणारी मेथी-कोथिंबीर बसते. काढणीला कुदळ लावू नका, केळीची मुळं वरच्या फूटभर थरातच पसरलेली असतात.