लाल पट्टी दिसली म्हणजे मासा असतोच असं नाही

गळाने मासे धरणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गोल तबकडीच्या फ्लॅशर सोनारबद्दल (आवाजाने पाण्याखालचा तळ आणि मासे शोधून तबकडीवर रंगीत पट्ट्यांनी दाखवणारं यंत्र) त्यात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात: लाल पट्टी म्हणजे मोठा मासा, गेन (यंत्राची संवेदनशीलता) कायम फुल ठेवायचा, होडीखालचं काहीही सुटत नाही, आणि गढूळ पाण्यात यंत्र बंद. चारही चूक आहेत. हे यंत्र स्वस्तात येत नाही. असल्या भरवशावर ते घेणारा चार वेळा फसतो आणि यंत्र माळ्यावर टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी लाल पट्टी. फ्लॅशर आवाजाचा ठोका खाली सोडतो. तो कशावर तरी आदळून किती वेळाने परतला यावरून खोली कळते आणि किती जोरात परतला यावरून रंग ठरतो. बहुतेक तीनरंगी तबकड्यांवर क्षीण प्रतिध्वनी हिरवा, मध्यम नारिंगी आणि जोरकस लाल दिसतो. यात माशाचं वजन कुठेच येत नाही. ट्रान्सड्यूसरच्या (आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा, पाण्यात धरायचा भाग) बरोबर खाली आलेली वीतभर चिलापी लाल दिसू शकते आणि कडेने गेलेला पाच किलोचा रोहू नुसता हिरवा. शिवाय आपल्याकडची पाणी म्हणजे धरणांचे जलाशय. धोम असो की कण्हेर, पाण्याखाली जुने बांध, दगड, झाडांची खोडं आहेत आणि तीही लालच दिसतात. होडी स्थिर असताना पट्टी जागची हलत नसेल तर तिथे गळ अडकवून घेऊ नका. मासा सुळकन जातो तेव्हा पट्टी फिकट सुरू होते, जाड होत किंचित वर सरकते आणि पुन्हा फिकट होऊन विझते. कडेला असताना त्याचं अंतर तिरकं, म्हणून थोडं जास्त भरतं, त्यामुळे असं दिसतं.

गेन फुल ठेवण्याचा सल्ला सगळ्यांत जास्त नुकसान करतो. गेन चढवला की तरंगतं शेवाळ, बारीक कचरा, सगळंच उजळतं. तळाची पट्टी फुगते आणि तळाजवळचा मासा तिच्यात गडप होतो. २५ फूट पाण्यात ५० फुटांवर आणखी एक पट्टी उमटते. तळावरून आलेला आवाज पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन आला, एवढाच तिचा अर्थ. त्याला ‘खालचा डोह’ समजून तंगूस (गळाची दोरी) सोडत बसणारे लोक आहेत.

गेन असा लावा: तो आधी अगदी खाली आणा आणि तळाची पट्टी नीट उभी राहीपर्यंत हळूहळू वाढवा. मग शिसं बांधलेला गळ ट्रान्सड्यूसरच्या शेजारून सोडा. तबकडीवर शून्यापासून एक बारीक हिरवी रेघ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने निघते. तंगूस थांबवला की ती थांबते, वीतभर वर ओढला की मागे सरकते. ही रेघ जेमतेम दिसेल तेवढाच गेन हवा. पन्नास फुटांपर्यंत जाऊन यायला आवाजाला साधारण २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुम्ही बघता ते त्याच क्षणाचं असतं. मासा आला की खालून दुसरी पट्टी उठून गळाच्या रेघेकडे सरकताना दिसते. अमेरिका-कॅनडात गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोक पाडून बसणारे लोक फ्लॅशर वापरतात ते यासाठीच.

‘काहीच सुटत नाही’ हे तर आपल्या माशांनीच खोटं पाडलंय. आवाज शंकूसारखा पसरतो. २० अंशांच्या शंकूचा घेर खोलीच्या साधारण एक तृतीयांश रुंद असतो. तीस फुटांवर तो दहा फूट भरतो, पण सहा फुटांवर जेमतेम दोन. कटला वरच्या थरात चरतो, म्हणजे या दोन फुटांत तो सापडणं नशिबाची गोष्ट. रोहू मधल्या थरातला, फ्लॅशरला तोच सगळ्यांत सोयीचा. मृगल तळाला तोंड लावून फिरतो आणि तळाच्या पट्टीत मिसळून जातो. उतारावर तर आणखी पंचाईत. डोंगरात अडवलेल्या पाण्याचे काठ खडे असतात. शंकूची वरची कड उताराला आधी टेकते आणि तिथूनच तळ सुरू झाल्याचं तबकडी दाखवते. त्याखाली पलीकडच्या बाजूला मासे असले तरी ते दिसत नाहीत. अशा वेळी तळाची पट्टी रुंद दिसते. मऊ गाळावर ती फिकी असते. (कोयनेचं उदाहरण मुद्दाम घेतलं नाही. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वनखात्याचे नियम आधी. बाकी जलाशयांवरही मच्छीमार सोसायटीला विचारूनच उतरा.)

गढूळ पाण्याचं म्हणाल तर तिथे अडतो तो प्रकाश. सांगलीजवळ हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर पाणी चहासारखं लाल असलं तरी आवाज तळापर्यंत जातो. त्याला खरा अडथळा हवेच्या बुडबुड्यांचा. बंधाऱ्याखालच्या फेसात किंवा पळत्या होडीच्या मागे तबकडीभर ठिपके नाचतात ते त्यामुळेच. होडी थांबवा, ट्रान्सड्यूसर काठीला बांधून वीतभर पाण्याखाली सरळ खाली तोंड करून धरा. त्याच्या तोंडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा. तळाची पट्टी स्थिर झाली की मगच गळ सोडा.